वाळूची चाहूल घेणारा विंचू

विंचू म्हटला, की आपल्याला आठवते ती त्याची नांगी. परंतु नांगीपेक्षाही विलक्षण अशी एक शक्ती काही विंचवांच्या पायांत असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोहावी नावाचे वाळवंट आहे. तेथील वाळूच्या टेकड्यांत एक पिवळसर, बोटाएवढा विंचू राहतो. दिवसा वाळू तापते, तेव्हा तो बिळात स्वस्थ पडून असतो. अंगावरील मेणचट आवरणामुळे त्याच्या शरीरातील ओलावा सहसा उडून जात नाही. त्याची पाण्याची गरज बहुतांशी भक्ष्याच्या शरीरातील रसावरच भागते. रात्री तो बाहेर येतो आणि वाळूवर निश्चल उभा राहून भक्ष्याची वाट पाहतो.

त्याची दृष्टी मंद असते. मग अंधारात त्याला भक्ष्य सापडते कसे? फिलिप ब्राउनेल या शास्त्रज्ञाने प्रयोग करून हे कोडे सोडवले आणि १९७७ साली त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. विंचवाजवळ फडफडणारा पतंग हवेत धरला, तर विंचू हालत नसे. पतंगाचा वाळूला स्पर्श होताच मात्र तो झडप घाली. मध्ये फट ठेवून वाळूचे दोन भाग केले, तर पलीकडच्या हालचालीची त्याला चाहूलही लागत नसे. म्हणजे भक्ष्याची वार्ता आणते ती वाळूच!

विंचवाच्या आठही पायांवर सूक्ष्म चिरा व केस असतात. वाळूतून येणारा कंप ज्या पायांना आधी जाणवतो, त्या बाजूला तो वळतो. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढे अल्प असते. अर्ध्या मीटरवरील किड्याची दिशाही त्याला अशी कळू शकते.

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण तुम्हांस ठाऊक असेल. विंचवाच्या मादीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. तिची पिल्ले जन्मल्यावर पहिली कात टाकीपर्यंत तिच्या पाठीवरच राहतात. पुढे ती एकेकटी होतात, आणि मग आपल्याच जातीचा मोठा विंचू त्यांचा वैरी ठरतो. वाळवंटात अन्न दुर्मीळ. तेथे नाते फार काळ टिकत नाही.

मुलांनो, विंचवापासून दूर राहणे शहाणपणाचेच आहे. तथापि भीतीने पाहणाऱ्यास केवळ नांगी दिसते. जिज्ञासेने पाहणाऱ्यास त्याचे सारे जीवन दिसते.

स्वाध्याय
१. पतंगाच्या प्रयोगावरून काय सिद्ध झाले?
२. विंचवाला भक्ष्याची दिशा कशी कळते?
३. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' या म्हणीचा वाक्यात उपयोग करा.