काठावरचा मतदार वळतो कशाने?

प्रश्न : ‘अजून काही ठरवलं नाही’ म्हणणारे मतदार शेवटी कशावरून ठरवतात? सभा, भोंगे, पत्रकं यांचा खरंच उपयोग होतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दारात आलेल्या कार्यकर्त्याला ‘बघू, अजून ठरलं नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं ठरलेलं असतं. एकाच गल्लीत राहायचं, तर वाईटपणा कशाला घ्या! मुरलेला कार्यकर्ता हे उत्तर ऐकून घेतो. यादीत खूण मात्र चहा विचारला की नाही, यावरून करतो.

आता खरोखर न ठरलेले. १९४० साली अमेरिकी अध्यक्षपदासाठी रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात झालेल्या लढतीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या ईरी परगण्यात ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हापुन्हा भेटून प्रश्न विचारले. रेडिओ आणि वर्तमानपत्रं मतं फिरवत असतील, असा अंदाज होता. आढळलं उलटंच. उशिरा ठरवणाऱ्यांना राजकारणात मुळात रस कमी, त्यामुळे प्रचार त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. त्यांच्यावर परिणाम झाला तो ओळखीपाळखीतल्या बोलण्याचा. उपाहारगृहात काम करणाऱ्या एका बाईंनी तर गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकून मत बदललं होतं! काठावरचा मतदार म्हणजे दोन्ही बाजू तोलणारा न्यायाधीश, हे चित्र आम्हा अग्रलेखवाल्यांनी रंगवलेलं.

मग भोंग्यांवर पैसा का जातो? आपली माणसं तापलेली राहावीत म्हणून. शिवाय समोरच्याची रिक्षा फिरते आणि आपली नाही, हे कुठल्या उमेदवाराला सोसेल?

अनोळखी माणसाने दार ठोठावून मत फिरतं का, याबद्दलही फार आशा नको. अमेरिकेतल्या ४९ प्रयोगांचा एकत्रित हिशेब काला आणि ब्रुकमन या अभ्यासकांनी २०१८ साली मांडला. सार्वत्रिक निवडणुकीत अशा संपर्काने मत वळण्याचं सरासरी प्रमाण शून्याच्या आसपास निघालं. मतदानाला बाहेर काढणं तुलनेने सोपं.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ मुळे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत सभा, मिरवणुका बंद होतात. घरोघरी जाणं चालू राहतं. भोंगे थांबल्यावर भावकी, शेजार, बचतगटातल्या ताई यांच्या शब्दाला वजन येतं. म्हणून जाणता उमेदवार त्या दोन दिवसांत दहा अनोळखी पोरं पाठवण्यापेक्षा वाड्यावस्तीवरचा एक ओळखीचा माणूस पाठवतो. २०२४ साली मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात पहिल्या दोघांनाही साडेचार लाखांहून जास्त मतं पडली आणि निकाल लागला ४८ मतांनी. एवढ्या फरकात दोन-तीन चाळींतल्या गप्पाही पुरतात.