नावाचीही तिजारत होते



दुकान भाड्याने दिले तरी मालकी आपलीच राहते आणि भाडे येत राहते. नाव आणि चेहरा यांचेही तसेच आहे. मोठे खेळाडू मैदान सोडल्यावरही कमावतात ते बहुधा याच मार्गाने.

व्यवहार असा असतो. खेळाडू कारखानदाराला आपले नाव व छबी मालावर छापण्याचा परवाना देतो. कारखानदार विक्रीवर ठरलेला हिस्सा देतो, त्याला रॉयल्टी म्हणतात. समजा, शर्टाचा घाऊक भाव १०० रुपये आणि रॉयल्टी ८ टक्के आहे. १०,००० नग विकले तर खेळाडूचे ८०,००० रुपये झाले. पण करारात किमान रक्कम १ लाख लिहिली असेल, तर १ लाखच द्यावे लागतात. माल खपो वा न खपो, ही जोखीम कारखानदाराची.

परवाना आणि विक्री यांतला फरक मुहंमद अलींच्या सौद्यावरून समजतो. १९६४ मध्ये त्यांनी कॅशियस क्ले हे नाव टाकून मुहंमद अली हे नाव घेतले. कित्येक वर्तमानपत्रे ते छापायलाही तयार नव्हती. त्याच नावाचे व छबीचे ८० टक्के हक्क २००६ मध्ये सीकेएक्स या अमेरिकन कंपनीने ५ कोटी डॉलरला घेतले. म्हणजे पूर्ण नावाची किंमत सव्वासहा कोटी डॉलर धरली गेली. २० टक्के हिस्सा अलींकडे राहिला. २०१३ मध्ये कंपनीकडचे हक्क ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुपकडे गेले. २०१६ मध्ये अलींचा इंतकाल झाला, पण नावाचा व्यवहार चालू आहे. विकलेली वस्तू पुढे कोणाच्या हाती जाईल हे विकणाऱ्याच्या हाती राहत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

पैशापलीकडेही नावाची एक इज्जत असते. हॉलिवूडमध्ये नामवंतांच्या नावाचे तारे पदपथावर बसवतात. प्रेषित मुहंमद (स.) यांचे नाव पायदळी यावे, हे अलींना मान्य नव्हते. म्हणून २००२ मध्ये त्यांचा तारा भिंतीवर बसवला गेला. दक्षिण आफ्रिकेचे फलंदाज हाशिम आमला यांनीही संघाच्या पुरस्कर्त्या बिअर कंपनीचे चिन्ह शर्टावर लावले नाही आणि ते मान्य झाले. अट घालणाऱ्याचे बाजारात काही बिघडत नाही.

आता आपल्याकडे पाहू. मालेगाव-भिवंडीत कापड आपण विणतो, पण त्यावर छाप बहुधा दुसऱ्याची लागते. मेहनत आपली आणि नाव त्याचे, म्हणून भावही तोच ठरवतो. यातून निघायचे तर आम्हांला चार गोष्टी जरुरीच्या वाटतात.

१) आपला मार्का आधी नोंदवा. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणी १० वर्षांची असते व पुन्हा वाढवता येते.

२) गिऱ्हाईक ज्या लिपीत नाव वाचते त्या लिपीतही नोंदवा. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांचे चिनी लिपीतील नाव तिथल्या एका कंपनीने आपल्या मार्क्यासाठी नोंदवून घेतले होते. चीनच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागायला २०१६ साल उजाडले.

३) नाव वापरायला द्यायचे तर कोणत्या मालावर, कोणत्या मुलखात, किती वर्षे आणि हिशेबाच्या वह्या कधी दाखवायच्या, हे सर्व लिहून घ्या. हराम मालावर नाव लागणार नाही, हेही लिहा. देण्याघेण्याचा मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही तालीम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच.

४) परवानगीशिवाय खेळाडूचा फोटो छापून शर्ट विकू नका. दुसऱ्याच्या मालाला हात न लावणारा व्यापारी त्याच्या नावालाही हात लावत नाही.

नाव तयार होते ते खरे माप, पक्का रंग आणि वायद्याची पाबंदी यांनी. ती पुंजी आपल्यातल्या पुष्कळांकडे आहे. तिची फक्त नोंद व्हायची राहिली आहे. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.