सेंद्रिय शिक्का: काय करावे, काय टाळावे

काय करावे

• पाकिटावर 'जैविक भारत'चे चिन्ह शोधा; २०१७च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाची ती पहिली खूण आहे.

• चिन्ह सापडले म्हणून थांबू नका, सोबत 'इंडिया ऑरगॅनिक' आहे की 'पीजीएस-इंडिया', तेही पाहा. दोन्हींमागची तपासणी वेगळी आहे.

• 'इंडिया ऑरगॅनिक' असेल तर प्रमाणीकरण संस्थेचे नाव वाचा. शेतात जाऊन नोंदी तपासणारी त्रयस्थ संस्था तीच.

• ते नाव अपेडाच्या (केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत जुळवा. यादीत नसेल तर पाकीट जागेवर ठेवा, दुकानदाराशी वाद घालण्याचीही गरज नाही.

• 'पीजीएस-इंडिया' असेल तर कोणत्या गटाचा माल आहे ते विचारा. तिथे त्रयस्थ निरीक्षक नसतो, गटातले शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात.

• जवळच्या गावातून येणाऱ्या भाजीसाठी पीजीएस बिनधास्त स्वीकारा. शेजाऱ्याच्या बांधावरची युरियाची गोणी शेजाऱ्याइतकी लवकर कोणाला दिसते?

• 'पीजीएस-ग्रीन' दिसल्यास ते शेत अजून रासायनिक शेतीतून सेंद्रियाकडे रूपांतराच्या काळात आहे असे समजा, आणि पूर्ण सेंद्रियाची किंमत देऊ नका.

• रूपांतराचा काळ लक्षात ठेवा: 'इंडिया ऑरगॅनिक'मागच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार (एनपीओपी) हंगामी पिकांना पेरणीपूर्वी किमान २ वर्षे, आंबा-काजूसारख्या बहुवार्षिक पिकांना पहिल्या काढणीपूर्वी किमान ३ वर्षे. 'गेल्या वर्षीपासून सेंद्रिय' म्हणणाऱ्या बागायतदाराचे कौतुक करा, पण हापूसच्या पेटीवर शिक्का मागा.

• शेतकऱ्याने प्रमाणपत्र दाखवले तर तीन गोष्टी वाचा: नाव कोणाचे, मुदत कधीपर्यंत, आणि पिकांच्या यादीत तुम्ही घेत असलेला माल आहे का. तुरीच्या प्रमाणपत्रावर हळद विकली जाते.

• सोसायटीसाठी किंवा दुकानासाठी पोत्यांनी घेत असाल तर स्कोप सर्टिफिकेटवर समाधान मानू नका, त्या मालाचे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटही मागा. पहिले शेताबद्दल बोलते, दुसरे तुमच्यासमोरच्या पोत्यांबद्दल.

• ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटवरचे वजन आणि लॉट क्रमांक पोत्यांशी ताडून पाहा. घोळ इथे होऊ शकतो, कारण खरे प्रमाणपत्र दाखवून त्याच्या दुप्पट माल खपवणे सोपे असते.

• गिरणी, पॅकिंग आणि साठवणूक करणाऱ्याचेही प्रमाणीकरण झाले आहे का, ते विचारा. साखळीतला एक दुवा तुटला की शेवटचा शिक्का पोकळ ठरतो.

• मिश्र पदार्थाच्या मागची घटकांची यादी वाचा. किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय असतील तरच पदार्थाला सेंद्रिय म्हणता येते.

• 'सेंद्रिय घटक वापरून बनवलेले' आणि 'सेंद्रिय' यांत फरक करा. पहिल्यात ३० टक्क्यांपर्यंत साधा माल असू शकतो.

• अमेरिकेत राहत असाल तर 'यूएसडीए ऑरगॅनिक'च्या शिक्क्याबरोबर उत्पादकाच्या नावाखाली छापलेले प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव शोधा. भारतातून घरची माणसे पाठवतात त्या पाकिटांचे अमेरिकेच्या नियमाने प्रमाणीकरण झालेले नसेल, तर ती तिथे सेंद्रिय म्हणून विकता येत नाहीत. खायला हरकत नाही.

• युरोपात हिरव्या पानाच्या चिन्हाजवळचा संस्थेचा सांकेतिक क्रमांक आणि माल कुठे पिकला ती ओळ वाचा. नुसते पान पुरेसे नाही.

• सुती कपड्यांसाठी जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या मानकाचे चिन्ह, त्याखाली परवाना क्रमांक आणि संस्थेचे नाव पाहा. कपड्याला अन्नाचे शिक्के लागू नाहीत.

• ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेत असाल तर शेतावर एकदा जाऊन या. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला कायद्याने प्रमाणीकरणातून सूट आहे, म्हणून तिथे तुमचे डोळे हाच शिक्का.

काय टाळावे

• 'नैसर्गिक', 'विषमुक्त', 'केमिकल फ्री', 'गावरान', 'देशी' या शब्दांना प्रमाणपत्र समजू नका. यातला एकही शब्द सेंद्रियाच्या शिक्क्याची जागा घेत नाही.

• हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका पाहून माल सेंद्रिय मानू नका, तो फक्त शाकाहारी असल्याचे सांगतो.

• १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांकाला सेंद्रियाचा क्रमांक समजू नका. तो वेफर्सच्या पुड्यावरही असतो.

• अ‍ॅगमार्क आणि भौगोलिक मानांकन यांची सेंद्रियाशी सांगड घालू नका. एक प्रत सांगतो, दुसरे मूळ ठिकाण. देवगडचा अस्सल हापूसही फवारणीचा असू शकतो.

• निर्यातीच्या द्राक्षांना सेंद्रिय म्हणू नका; रासायनिक अंश मर्यादेत असणे वेगळे आणि रसायन न वापरणे वेगळे.

• प्रयोगशाळेच्या अहवालाला प्रमाणपत्राच्या जागी स्वीकारू नका. अहवाल एका नमुन्याचा असतो, आणि तो नमुनाही विक्रेत्यानेच निवडलेला असू शकतो. प्रमाणपत्र जमीन, बियाणे, खत आणि नोंदवह्यांचे असते.

• उलट, प्रमाणपत्राला 'शून्य अंश' असल्याची हमीही समजू नका. शेजारच्या शेतातून वारा आणि पाणी येतेच, संस्था पद्धत तपासते.

• गूळ काळपट दिसला की सेंद्रिय, असे धरू नका. रंग उजळवणारे हायड्रॉस न घातलेला काळपट गूळ युरियावर वाढलेल्या उसाचाही असतो.

• तांदळात किडे पडले हा सेंद्रिय असल्याचा पुरावा मानू नका, तो फक्त साठवण वाईट असल्याचा पुरावा आहे.

• उघड्या पोत्यातून मोजून दिलेल्या मालाला पोत्यावरचा शिक्का लावू नका; पोते एकदा फोडले की आत काय भरले गेले ते कोणीही सांगू शकत नाही.

• दुकानाच्या पाटीवर, पिशवीवर किंवा भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या प्रमाणपत्रावर जाऊ नका. प्रमाणीकरण मालाचे होते, दुकानाच्या सजावटीचे नव्हे.

• जी संस्था शेतकऱ्याला सल्ला देते, निविष्ठा विकते आणि वर तीच दाखलाही देते, तिच्यावर विसंबू नका. सल्ला आणि तपासणी एका हातात नको, हेच स्वतंत्र प्रमाणीकरणाचे मूळ.

• 'फी भरली म्हणजे शिक्का विकत घेतला' असे म्हणत सगळ्यांना एका माळेत ओवू नका. फी शेतकरीच भरतो, पण त्या संस्थेचीही तपासणी होते, आणि चुकार संस्थेची मान्यता काढून घेतली जाते.

• साबण, शाम्पू, उटण्यावर 'ऑरगॅनिक' लिहिलेले दिसले म्हणून 'जैविक भारत'चा भरवसा त्यावर टाकू नका. ते चिन्ह अन्नापुरते आहे.

• महाग म्हणजे खरे, असा हिशेब करू नका.

• थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याकडे शिक्का नाही म्हणून त्याला खोटारडा ठरवू नका. पण त्याने शिक्का नसताना 'जैविक भारत'चे चिन्ह छापले असेल, तर सूट आहे हे कारण ऐकून घेऊ नका.

• ऑनलाइन खरेदीत फक्त समोरच्या बाजूचा फोटो असेल तर मागवू नका. संस्थेचे नाव बहुधा मागच्या बाजूला असते.

• संशयास्पद पाकीट फेकून देऊ नका आणि बिल हरवू नका. अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना लॉट क्रमांक, परवाना क्रमांक आणि संस्थेचे नाव लागते, आणि ते तिन्ही त्या पाकिटावरच असतात.