फिरता फवारादांडा : डिशवॉशरमधील एक दोष व त्याचा शोध

घरातील एखादे यंत्र नीट चालेनासे झाले, की बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. कोणी ते निरुपयोगी ठरवून बाजूला सारतो, तर कोणी हाती पान्हा घेऊन सापडेल तो भाग सैल करू लागतो. ह्या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग आहे. यंत्र ज्या तत्त्वावर चालते ते तत्त्व आधी समजून घ्यावे आणि मग दोषाच्या कारणांचा क्रमाने शोध करावा, हा तो मार्ग होय. त्याचे उदाहरण म्हणून प्रस्तुत पाठात आपण भांडी धुण्याच्या यंत्राचा, म्हणजे डिशवॉशरचा, एक नेहमीचा दोष विचारात घेऊ.

२०२० सालच्या टाळेबंदीनंतर भारतातील शहरी घरांत हे यंत्र पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागले. कधी कधी असे होते, की यंत्र सुरू होते, पाण्याचा आवाज येतो, ठरल्या वेळी ते थांबतेही. परंतु दार उघडून पाहावे तो वाट्यांच्या तळाशी आमटीचा अंश तसाच असतो आणि पेल्यांवर साबणाचा पांढरट थर असतो. हा साबण तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे तो भांड्यांवर राहणे केवळ कुरूप नव्हे, तर अहितकारकही होय. अशा वेळी प्रथम संशय घ्यावा तो फवारादांड्याचा.

रचना

डिशवॉशरच्या पेटीत एकावर एक असे जाळीचे दोन कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याखाली, मध्यभागी टेकून फिरणारा एक पोकळ दांडा असतो. कारागीर त्यास ‘स्प्रे आर्म’ म्हणतात. आपण त्यास ‘फवारादांडा’ म्हणू. तळाचा पंप गरम पाणी ह्या दांड्यात दाबाने ढकलतो व ते बारीक छिद्रांतून उसळून भांड्यांवर आदळते. खाली पडलेले पाणी गाळणीतून पुन्हा पंपाकडे येते. तेच पाणी असे वारंवार फिरत असल्यामुळे एका धुण्यास साधारणतः १० ते १५ लिटर पाणी पुरते.

पाण्याच्या झोताने भांडी धुण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रन ह्या बाईंना अशा यंत्राचे पेटंट २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळाले, आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांचे यंत्र लोकांनी पाहिले.

दांडा कशाने फिरतो?

दांडा फिरवणारी मोटर कोठे आहे, असे कोणी विचारील. बहुतेक यंत्रांत अशी मोटर नसतेच! दांड्याची काही छिद्रे तिरपी असतात. त्यांतून पाणी एका दिशेस बाहेर पडते आणि दांडा विरुद्ध दिशेस ढकलला जातो. प्रत्येक क्रियेस तितकीच व विरुद्ध प्रतिक्रिया असते, हा न्यूटनने १६८७ साली मांडलेला नियमच येथे काम करीत असतो. ह्याच तत्त्वावर फिरणारे पाण्याचे चाक योहान आंद्रेआस सेग्नर ह्या प्राध्यापकांनी १७५० च्या सुमारास तयार केले होते.

हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. एका रिकाम्या पत्र्याच्या डब्याला तळाजवळ चार बाजूंस खिळ्याने चार छिद्रे पाडावीत आणि खिळा बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक वेळी एकाच बाजूस दाबून छिद्र तिरपे करावे. डबा दोरीने टांगून त्यात पाणी ओतले, की तो आपोआप फिरू लागतो. मग दोन छिद्रे मेणाने बुजवून पाहावे. डब्याची गती मंदावलेली दिसेल.

आता हा जोर किती असतो, त्याचा हिशेब करू. समजा, सुमारे २ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून मिनिटाला १ लिटर पाणी सेकंदाला ६ मीटर वेगाने बाहेर पडते. म्हणजे दर सेकंदास किलोग्रॅमचा साठावा भाग एवढे पाणी जाते. त्यास ६ ने गुणले असता ०.१ न्यूटन एवढे बल येते. हे सुमारे १० ग्रॅम वजनाइतके झाले. दांडा फिरवण्यास मिळतो तो ह्या अल्प बलाचाही एक भागच. एवढ्या नाजूक जोरावर चालणारी वस्तू एखादा चमचा आड येताच थांबणार, हे उघड आहे. शिवाय मोहरीचा दाणा जवळजवळ त्या छिद्राएवढाच असतो, हेही ध्यानात ठेवावे.

दोषाचा शोध

शोधास आरंभ करण्यापूर्वी यंत्राचे बटण बंद करून प्लग काढून ठेवावा. आतील पाणी व भांडी निवू द्यावीत, आणि सुऱ्या व काचेची भांडी आधी बाहेर काढावीत.

पहिली पायरी निरीक्षणाची. केवळ वरच्या कप्प्यातील भांडी अस्वच्छ आहेत, केवळ खालची आहेत, की दोन्हीकडची? एकाच कप्प्यात दोष असेल, तर संशय त्या कप्प्याच्या दांड्यावर येतो. दोन्हीकडे असेल, तर गाळणी, पाण्याचा पुरवठा किंवा पंप ह्यांचा विचार करावा लागतो.

दुसरी पायरी अडथळ्याची. नेहमीप्रमाणे भांडी लावून दांडा बोटाने हळूच फिरवावा. तो कशासही न अडता फिरला पाहिजे. आपल्याकडील झारा, पळी, उलथणे ह्यांचे दांडे लांब असतात व ते जाळीतून खाली उतरतात. मोठे पातेले किंवा परात वरच्या दांड्यास लागते. धुताना ठराविक अंतराने ठक् ठक् असा आवाज येत असेल, तर कारण बहुधा हेच. येथे दुरुस्ती करावयाची ती भांड्यांच्या मांडणीची, यंत्राची नव्हे.

तिसरी पायरी परीक्षेची. दांड्याचे एक टोक समोर आणून दार लावावे, प्लग पुन्हा जोडून यंत्र काही मिनिटे चालवावे आणि मग ते थांबवून, वाफ जाऊ देऊन, दार सावकाश उघडावे. टोक दुसरीकडे गेले असेल, तर दांडा फिरला. ते जागीच असेल, तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. दांडा योगायोगाने त्याच जागी थांबू शकतो. शिवाय काही यंत्रांत पाणी वरच्या व खालच्या दांड्यास आळीपाळीने दिले जाते. म्हणून ही परीक्षा दोन-तीन वेळा करावी. एका निरीक्षणावर विसंबणे हे शास्त्राच्या रीतीस धरून नाही.

चौथी पायरी स्वच्छतेची. प्लग पुन्हा काढावा आणि यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दांडा सोडवावा. तो कानाशी हलवून आत काही खुळखुळते का, ते ऐकावे. उजेडासमोर धरून छिद्रे तपासावीत. अडकलेले कण दात कोरण्याच्या लाकडी काडीने काढून दांडा नळाखाली धुवावा. पोलादी सुई जोराने घालू नये. छिद्र रुंदावले तर पाण्याचा वेग कमी होतो. दांडा दोन भाग जोडून केलेला असल्यास तो जोड फाटला आहे का, तेही पाहावे. फटीतून पाणी निसटले, की दाब उरत नाही. असा दांडा बदलावाच लागतो.

छिद्रांभोवती पांढरा कठीण थर असेल, तर तो क्षारांचा होय. बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. ते तापले असता त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटपासून न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते व छिद्रांत साचते. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, विरघळवून दांडा त्यात अर्धा तास ठेवला असता थर विरघळतो. हे आम्ल ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. यंत्रात पाणी मृदू करण्याची सोय असेल, तर तिचे मीठ संपले नाही ना, हेही पाहावे. नाहीतर थर पुन्हा जमेल.

पाचवी पायरी पुरवठ्याची. दांडा निर्दोष असूनही फिरत नसेल, तर गाळणी काढून धुवावी, नळ पुरता उघडा आहे का व पाण्याची नळी कोठे मुरडली आहे का, ते पाहावे. पेटीत फेस दिसल्यास हाताने भांडी घासण्याचा साबण वापरला गेला असावा. पंपात पाण्याऐवजी फेस शिरला, की दाब पडतो. केवळ वरचा दांडा थांबला असेल, तर वरच्या कप्प्याची उंची बदलताना त्याची पाण्याची नळी नीट जुळली आहे का, ते तपासावे.

प्रत्येक वेळी एकच बदल करून पुन्हा परीक्षा घ्यावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र चालू होईलही. पण दोष कशात होता हे कळणार नाही, आणि तो परत आला म्हणजे शोध मुळापासून करावा लागेल.

एवढे करूनही दांडा स्थिर राहिला, तर दोष पंपात किंवा विजेच्या भागांत असण्याचा संभव अधिक. तेथे घरच्या माणसाने हात घालू नये. जाणत्या कारागिरास बोलवावे. तथापि तोवर केलेले श्रम वाया गेलेले नसतात. काय काय तपासले व काय आढळले, हे त्यास क्रमाने सांगता आले, तर त्याचा वेळ वाचतो आणि निर्दोष भाग उगाच बदलले जात नाहीत.