टंचाईनं शिकवलेलं

१. पाण्याआधी वेळ मोजावी.

लग्न होऊन मी कळंब तालुक्यात, मांजरेच्या बाजूच्या गावात आले. होळी सरली की विहिरी तळाला जायच्या आणि घराचा सगळा दिवस पाण्याच्या वेळेवर ठरायचा. पंधरा लिटरची घागर म्हणजे नुसत्या पाण्याचंच पंधरा किलो वजन. तेही मान सोसते. थांबणं सोसत नाही. टँकर कधी येईल ते ठाऊक नसतं, म्हणून बाईचा रोज बुडतो आणि परीक्षेच्या दिवसांत पोरीची शाळा बुडते. किती लिटर वाटले ते कागदावर येतं, किती तास गेले ते मी कुठं लिहिलेलं पाहिलं नाही.

२. रांगेला कारभारी हवा.

हापशावर आमच्याकडं भांडंच माणसाच्या जागी उभं राहतं. घागर रांगेत ठेवून बाई भाकरी थापून येते, तिचा नंबर कुणी मोडत नाही. टँकर आला की मात्र ही रीत टिकत नाही. पाइप टाकून ड्रम भरणारे पुढं होतात, म्हातारी माणसं मागं राहतात. विहिरीत टँकर सोडला तर चहूबाजूंनी पोहरे पडतात, कठड्याशी रेटारेटी होते. अशात जीव गेल्याच्या बातम्या मराठवाड्यानं खूप वाचल्यात.

आमच्या आळीनं एका चुलत सासूबाईंना पुढं केलं. त्या विहिरीपाशी बसायच्या आणि नाव घेऊन हाक मारायच्या. बाळंतिणीचं घर आधी, एकटी म्हातारी आधी. एके काळी ज्यांना विहिरीला शिवू देत नव्हते, त्या वस्तीची घागर शेवटी राहायची नाही, यावर त्या अडून बसत. त्यावरून भांडणंही झाली. त्या हटल्या नाहीत.

पुढं इथिओपिया आणि केनियातल्या बोराना पशुपालकांविषयी वाचलं तेव्हा मला त्याच आठवल्या. बोरानांच्या खोल ‘तुला’ विहिरींत माणसं एकावर एक उभी राहून, गाणी म्हणत, बादल्या हातोहात वर देतात. विहीर कुळाच्या नावानं ओळखली जाते, पण कुणाची गुरं कधी पाणी पिणार हे ‘अब्बा हेरेगा’ ठरवतो. तिथं पाळी नेमायला माणूस ठरलेला असतो. आमच्या टँकरमागं असा माणूस क्वचितच असतो.

३. प्रत्येक दुष्काळ वेगळा असतो.

सासूबाई १९७२ चं सांगायच्या: खडी फोडायची, सुकडी खायची. धान्य मिळत नव्हतं, पण आडाला पाणी होतं. २०१२-१३ मध्ये दुकानात धान्य होतं आणि आड कोरडे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. देशभर बातमी झाली. लातूरला एरवी पाणी देणाऱ्या मांजरा धरणाच्या अलीकडच्या गावांत आम्ही मात्र टँकरची वाट पाहत होतो.

४. बोअर खोल गेलं म्हणजे पाणी लागेलच असं नाही.

आपली जमीन काळ्या बसाल्टची. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि झिजलेल्या थरात. खालच्या अखंड खडकात भेग सापडली तरच. एकानं बोअर पाडलं की शेजारच्या विहिरीची पातळी उतरू शकते, मग तोही पाडतो. उसाला मोकाट पाणी देऊन उन्हाळ्यात टँकर मागणं मला पटत नाही आणि मी ते ग्रामसभेत बोलते.

५. भांड्यांच्या दुसऱ्या धुण्याचं पाणी बादलीत धरावं, शेवग्याला घालावं. टँकरचं पाणी तुरटी फिरवून निवळू द्यावं, दुहेरी कापडानं गाळावं, उकळून मगच लेकरांना द्यावं.

६. वाहणारीला विचारावं.

२०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे. गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात, असाही नियम आहे. बैठक मात्र अनेकदा पाणी भरायच्या वेळीच ठेवली जाते. आम्ही एवढंच मागितलं: बैठक दुपारी दोनला घ्या आणि टँकरची वेळ आदल्या संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगा. दुसरं लगेच झालं. पहिल्यासाठी अजून भांडतो आहोत.