कोवळा मेंदू आणि तंबाखू

कोवळ्या रोपाला जसे वळवावे, तसे ते वाढते. मुलाचा मेंदूही तसाच. तो सुमारे २५ वर्षांपर्यंत घडत असतो.

तंबाखूत निकोटीन नावाचे विष असते. विडीच्या धुरातून ते काही सेकंदांत मेंदूत पोचते. मेंदूला उसन्या सुखाची चटक लागते. उंदरांवर प्रयोग झाले. कोवळ्या वयात निकोटीन मिळालेले उंदीर मोठेपणी अफूच्या जातीचे औषध जास्त घेऊ लागले. विडी ओढणारे प्रत्येक पोर अफू-गर्दकडे जाईल असे नाही. पण धोका वाढतो.

आणि आपण पोरालाच सांगतो, "जा रे, तंबाखूची पुडी आण!" १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा पोराला दुकानात धाडू नये. पुडी सुटली, तर फारच उत्तम.