नदीकाठची वाट

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा धोम धरणात थोडी विसावते आणि मेणवलीवरून वाईच्या घाटांशी येते. आंध्र प्रदेशात समुद्राला मिळेपर्यंत ती सुमारे १४०० किलोमीटर वाहते. या पाठात त्यांपैकी मेणवली ते वाई एवढ्याच तुकड्याची हकिगत आहे. प्रवासवर्णन म्हणावे तर प्रवास फारच छोटा. पण तो रोजचा आहे, आणि सारे महत्त्व त्या ‘रोज’ या शब्दाला आहे.

वडील गेले त्या वर्षी मी या वाटेने चालू लागलो. त्यांचा दहाव्याचा विधी याच नदीच्या घाटावर झाला होता. घरात पाऊल ठरत नसे, म्हणून बाहेर पडत असे. निसर्ग पाहावा हा हेतू मुळीच नव्हता. कित्येक दिवस पायांखालच्या मातीखेरीज काही दिसले नाही. शांती शोधीत निघालेल्याला ती लगेच भेटत नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

मग एके सकाळी पाण्याच्या वर, अधांतरी, एक काळा-पांढरा पक्षी पंख फडफडवीत एकाच जागी थांबलेला दिसला. चोच खाली, नजर पाण्यात. क्षणार्धात तो दगडासारखा कोसळला आणि मासा घेऊन वर आला. तो कवड्या खंड्या होता. दुसऱ्या दिवशी त्या वळणाशी पावले आपोआप मंदावली. तेवढा वेळ मनात दुसरा विचारच आला नव्हता, हे घरी परतल्यावर ध्यानात आले.

रेचेल व स्टीफन कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा अनुभवाची मीमांसा केली आहे. कामावर लक्ष बळाने खिळवावे लागते आणि ते थकते. वाहते पाणी, हलती पाने लक्ष सहज ओढून घेतात. तेवढ्या अवधीत थकलेल्या मनाला विसावा मिळतो. दुःख नाहीसे होते असे मात्र नाही. ते सोबत चालते. वाट अडवून उभे राहत नाही, इतकेच.

रोज चालणाऱ्याला ऋतू बारकाव्यांनिशी कळतात. आषाढातले गढूळ पाणी कार्तिकात नितळ होते. पावसाळा ओसरला की करडा धोबी शेपटी वरखाली हलवीत दगडांवर हजर होतो. जेमतेम वीस ग्रॅम वजनाचा हा जीव हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून येतो! चैत्रात करंजाला तुकतुकीत पालवी फुटते, पुढे त्याखाली फुलांचा सडा पडतो. उंबराचे तर नवलच. दुर्मिळ दर्शनाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वस्तुतः ज्याला आपण फळ समजतो, त्याच्याच पोकळीत असंख्य बारीक फुले दडलेली असतात. चिलटांएवढे कीटक इवल्याशा छिद्रातून आत शिरतात आणि परागीभवन घडवतात. हे कळल्यापासून पायाखाली पडलेले उंबर मी ओलांडून जातो.

कृती : आपल्या परिसरातील नदी, ओढा किंवा तळे यांच्या काठी एक जागा निवडा. पंधरा दिवस एकाच वेळी तेथे जा आणि काल नव्हते असे आज काय दिसले, याची एकच नोंद रोज वहीत करा. पक्ष्याचे नाव ठाऊक नसल्यास रंग, आकार व चाल लिहा. त्याचे स्थानिक नाव गावातील वडीलधाऱ्यांना विचारा. पूर असताना मात्र पाण्याजवळ जाऊ नका.